घरपट्टीची पावती आणि बांधकामाचा परवाना

कोल्हापूर जिल्ह्यातील खेड्यात नवे घर उभे राहिले की ग्रामपंचायत त्याची नोंद आकारणीच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, घेते, घरपट्टीची पावती फाटते, विजेचे मीटर बसते, आणि ते घर रीतसर असल्याबद्दल मालकाच्या मनात मग शंका उरत नाही. कायद्याने मात्र या पावतीला तो अर्थ कधीच दिलेला नाही. घरपट्टी ही महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ खालील करआकारणी असून ती उभ्या असलेल्या इमारतीवर बसते; ती इमारत परवानगीने उभी राहिली की परवानगीवाचून, याचा निवाडा कर बसवताना होत नाही, आणि विनापरवाना घराकडून वर्षानुवर्षे कर घेतला गेला म्हणून ते घर अधिकृतही ठरत नाही. नमुना ८ चा उतारा मालकीचा पुरावा नाही, परवान्याचा तर नाहीच नाही. असे असूनही हा समज इतका घट्ट का रुजला, याचे एक कारण लोकांच्या बेफिकिरीत शोधता येईल. पण मोठे कारण असे की, खेड्यातील जमिनीवर बांधकामाची परवानगी नेमकी कोणी द्यायची याचे उत्तर गावागावाला, आणि कित्येकदा एकाच गावातील जमिनीच्या दोन गटांना, वेगवेगळे मिळते, आणि परवानगीनंतर बांधकाम पाहायला जागेवर यायचे कोणी, याचे उत्तर तर बहुतेक वेळा कोणीच देत नाही.

या व्यवहाराचा पाया १९६६ च्या दोन कायद्यांनी घातला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही जमीन कोणाची, कोणत्या हक्काने धारण केलेली आणि कोणत्या वापरासाठी आकारलेली, हे पाहते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ त्या जमिनीवर काय उभे राहू शकते, हे ठरवतो. दुसऱ्या कायद्यात 'विकास' या संज्ञेची व्याप्ती मोठी आहे. जमिनीवर, जमिनीखाली किंवा जमिनीच्या वर केलेले कोणतेही बांधकाम किंवा खोदकाम, तसेच जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात केलेला ठळक बदल हा सारा विकासच समजला जातो. त्यामुळे उसाच्या शेतात मंगल कार्यालय बांधणे हा जसा विकास, तसाच गोठ्याचे रूपांतर हॉटेलात करणे हाही विकास, मग त्यासाठी नवी वीट बसलेली असो वा नसो.

महसूल खात्याचे कागद कोल्हापूरकरांच्या अंगवळणी पडलेले आहेत, आणि त्यामागे इतिहासही आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये करवीर संस्थानातील कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले, तेव्हापासून गावचे दप्तर वंशपरंपरागत घराण्याच्या हातून सरकारी नोकराच्या हाती आले. त्या दप्तरातील गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा होतो. पहिला जमिनीवरील हक्क सांगतो, दुसरा तिच्यातील पिके. घर बांधू इच्छिणारा माणूस सातबारावर आपले नाव आणि क्षेत्र पाहून थांबतो, पण बांधकामाच्या दृष्टीने महत्त्वाचा मजकूर त्याच्या आजूबाजूला असतो. भोगवटादार वर्ग १ म्हणजे ज्या जमिनीच्या हस्तांतरणावर सरकारचे बंधन नाही असा धारक. वर्ग २ म्हणजे वतन, इनाम किंवा शासनाने दिलेली अशी जमीन, जिची विक्री किंवा वापरबदल करण्याआधी सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते आणि बहुधा नजराणा भरावा लागतो. कूळकायद्याने मिळालेल्या जमिनींवर त्या कायद्याच्या कलम ४३ चा शेरा 'इतर हक्क' या रकान्यात असतो. कोल्हापुरात यात आणखी एका प्रकाराची भर पडते. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीचे मुख्यालय याच शहरात असून तिच्या अखत्यारीत कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील तीन हजारांहून अधिक देवस्थाने आणि त्यांच्या इनाम जमिनी आहेत; पिढ्यान्पिढ्या वहिवाट करणाऱ्या कुटुंबालाही अशा जमिनीवर मालकासारखे घर बांधण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. अशा गटात उभे राहिलेले घर कितीही मजबूत असले तरी त्याच्याखालची जमीन कागदावर देवाची राहते.

गावठाण हा मात्र या सगळ्यातून काहीसा वेगळा राहिलेला प्रदेश आहे. गावाच्या वस्तीसाठी राखलेली आणि शेतसाऱ्याची आकारणी नसलेली जागा म्हणजे गावठाण, आणि तिची हद्द ठरवण्याचा अधिकार महसूल संहितेच्या कलम १२२ ने जिल्हाधिकाऱ्याला दिला आहे. तिथे शेतीच नसल्याने सातबारा नाही, आणि नगर भूमापन झालेले नसेल तर मिळकत पत्रिकाही नाही. म्हणून शेकडो वर्षे राहत्या वाड्याचा एकमेव कागद म्हणजे नमुना ८ चा उतारा, अशी स्थिती अनेक गावांत होती. केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर केलेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची छायाचित्रे घेऊन प्रत्येक मिळकतीची हद्द नकाशावर आणण्याचे आणि मालकाला मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले, ते या उणिवेवरचेच उत्तर आहे. गावठाणातील बांधकामाला परवानगी देण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार ग्रामपंचायतीकडे आहे.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली, आणि तिने बांधकामांची वर्गवारी जोखमीवर बेतली. त्याच धर्तीवर फेब्रुवारी २०२१ मध्ये तत्कालीन ग्रामविकासमंत्री आणि कागलचे आमदार हसन मुश्रीफ यांनी, ग्रामीण भागात सुमारे ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधण्यासाठी नगररचना कार्यालयाच्या परवानगीची गरज राहणार नाही, असे जाहीर केले. या व्यवस्थेत १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे अंदाजे १,६०० चौरस फुटांच्या, भूखंडावर मालकाने परवानाधारक अभियंत्याच्या सहीचे नकाशे आणि मालकीची कागदपत्रे ग्रामपंचायतीकडे देऊन शुल्क भरले की काम सुरू करता येते. त्याहून मोठ्या, ३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडासाठी अल्प मुदतीत परवानगी द्यावयाची असते. तालुक्याच्या गावी हेलपाटे मारणाऱ्या माणसाला हा मोठा दिलासा होता, यात वाद नाही. पण तेव्हा वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून 'परवानगीची गरज नाही' एवढेच शब्द गावात पोहोचले, आणि नकाशा, सामासिक अंतरे, अभियंत्याची सही या अटी वाटेत गळाल्या. इमारतीच्या चारी बाजूंनी भूखंडाच्या हद्दीपर्यंत मोकळी सोडायची जागा म्हणजे सामासिक अंतर, आणि ती सोडण्याचे बंधन परवानगीच्या पद्धतीबरोबर रद्द झालेले नाही.

गावठाणाची वेस ओलांडली की शेतजमीन सुरू होते आणि तिच्याबरोबर 'एन.ए.' हा सर्वांच्या तोंडी असलेला शब्द येतो. शेतीसाठी आकारलेली जमीन बिगरशेती वापराला घेण्यासाठी पूर्वी जिल्हाधिकाऱ्याची स्वतंत्र परवानगी आणि त्यानंतर सनद असा लांबचा मार्ग होता. २०१४ पासून संहितेत झालेल्या दुरुस्त्यांनी तो टप्प्याटप्प्याने आखूड केला: विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत ज्या वापरासाठी जमीन दर्शवली असेल त्या वापरासाठी, तसेच गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत निवासी वापरासाठी, रूपांतरित कर आणि इतर देणी भरल्यावर जमीन बिगरशेती झाली असे मानण्याची तरतूद आली. येथे एक घोटाळा नेहमी होतो. जमीन बिगरशेती होणे आणि तिच्यावर बांधकामाला परवानगी मिळणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. पहिलीने महसूल खाते समाधानी होते. दुसरीसाठी नियोजन प्राधिकरणाकडे इमारतीचा नकाशा सादर करावाच लागतो. 'प्लॉट एन.ए. आहे' या वाक्यावर विसंबून जोते घालणारा माणूस अर्ध्या परवानगीवर काम सुरू करतो.

शेतकऱ्याला आपल्या शेतात काहीच बांधता येत नाही, हा याच्या उलट टोकाचा गैरसमज आहे. अवजारे, खत, वैरण किंवा पीक साठवणे, जनावरे बांधणे, शेतकरी कुटुंबाने किंवा गड्यांनी राहणे, अशा कामांसाठीच्या बांधकामाला महसूल संहिता 'शेतघर' मानते आणि कलम ४१ त्याच्या अटी ठरवते. गोकुळच्या दुधावर प्रपंच चालवणाऱ्या करवीर किंवा कागल तालुक्यातील कुटुंबाचा गोठा आणि त्याला लागून असलेली राहती खोली यांना ही तरतूद उपयोगी पडते. शेतात राहण्यासाठी घर बांधायचे तर मात्र किमान ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे ४० गुंठे किंवा एक एकर, क्षेत्र असावे लागते, बांधकामाचे क्षेत्रफळ आणि उंची मर्यादित असते, आणि जमीन खरोखर कसली जात असावी लागते. महापालिका व नगरपालिकांच्या आसपासच्या पट्ट्यात तर शेतघरालाही पूर्वपरवानगीची अट आहे. कागदावर शेतघर आणि जागेवर रविवारच्या पार्ट्यांचा बंगला, अशी उदाहरणे पन्हाळ्याच्या आणि गगनबावड्याच्या वाटेवर दुर्मीळ नाहीत. त्यांच्यामुळे खऱ्या शेतकऱ्याच्या अर्जाकडेही संशयाने पाहिले जाते, हे त्यातले अधिक वाईट.

एक एकराची ही अट कोल्हापुरात जड जाते, कारण वाटण्यांनी जमिनीचे तुकडे फार लहान झालेले आहेत. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याच्या खरेदीविक्रीला बंदी घातली. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांसाठी हे प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे ठरवण्यात आले. पण शहराजवळच्या गावात ज्याला घर हवे असते त्याला दोन गुंठे पुरतात आणि त्याहून जास्त परवडतही नाहीत. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यामुळे साठेखत, वटमुखत्यारपत्र किंवा नोटरीसमोरचा करार करून गुंठ्यागुंठ्याने जमीन विकली गेली, सातबारावर घेणाऱ्याचे नाव लागले नाही किंवा दहा-बारा जणांचे सामाईक नाव लागले, आणि त्या जमिनीवर पक्की घरे झाली. हीच गुंठेवारी. महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम, २००१ ने १ जानेवारी २००१ पूर्वीचे असे भूखंड आणि बांधकामे शुल्क घेऊन नियमित करण्याची सोय केली, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. तारीख पुढे सरकली की पुढचा ग्राहक पुन्हा सरकेल या भरवशावर जमीन घेतो; कायदा मोडणाऱ्याला माफी देणारा कायदा त्याच कायद्याच्या पुढच्या उल्लंघनाला खतपाणी घालतो, हे राज्यकर्त्यांना ठाऊक नाही असे म्हणता येणार नाही.

परवानगी देणारे कार्यालय कोणते, या प्रश्नाला कोल्हापुरात राजकारणाचा रंग चढला तो याच वस्त्यांमुळे. कोल्हापूर महापालिका १५ डिसेंबर १९७२ रोजी अस्तित्वात आली. तिचे क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर होते, आणि हद्दवाढीचे प्रस्ताव अनेकदा जाऊनही पुढची अनेक दशके ते तेवढेच राहिले. शहर मात्र वाढतच होते. ते उचगाव, पाचगाव, कळंबा, मोरेवाडी अशा गावांच्या शेतांत शिरले, जिथे घरपट्टी कमी होती आणि नकाशा पाहणारे कोणी नव्हते. हद्दवाढीला या गावांनी केलेल्या विरोधाचा तोडगा म्हणून २०१७ मध्ये करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतील ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले, आणि या गावांतील बांधकाम परवानगी त्याच्याकडे गेली. उरलेल्या ग्रामीण भागात प्रादेशिक योजना लागू असून तेथे नगररचना अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे परवानगीचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याकडे, म्हणजे व्यवहारात त्याच्या वतीने महसूल अधिकाऱ्यांकडे, असून अभिप्राय नगररचना कार्यालय देते. प्राधिकरण आल्यावर कालपर्यंत सरपंचाकडे होणारे काम शहरातील कार्यालयात गेले म्हणून गावे नाराज झाली. ही नाराजी रास्त होती, पण तिच्यात एक गोष्ट दडलेली होती: सरपंचाकडे 'होणारे' ते काम गावठाणाबाहेर बहुतेक वेळा कायद्याने ग्रामपंचायतीच्या अधिकारातच नव्हते.

यामुळे अर्ज करण्याआधी मालकाला आपला गट प्रादेशिक योजनेच्या कोणत्या विभागात पडतो, याचा झोन दाखला नगररचना कार्यालयातून घ्यावा लागतो. लोकांच्या बोलीतला 'यलो झोन' म्हणजे रहिवासाचा विभाग आणि 'ग्रीन झोन' म्हणजे शेतीचा. त्याबरोबर भूमी अभिलेख खात्याची मोजणी आणि तिची 'क' प्रत, म्हणजे मोजणीत ठरलेली हद्द दाखवणारा अधिकृत नकाशा, जोडावी लागते. मोजणी टाळून बांधावरच्या जुन्या दगडावर विश्वास ठेवण्याकडे अनेकांचा कल असतो, कारण मोजणीच्या नोटिसा शेजाऱ्यांना जातात आणि मिटलेले बांधाचे वाद उकरले जातात. तो वाद जोते भरल्यावर निघण्यापेक्षा आधी निघालेला स्वस्त पडतो. तिसरी अडचण रस्त्याची. शेतात बैलगाडी नेण्याचा वहिवाटीचा हक्क तहसीलदार महसूल संहितेच्या कलम १४३ खाली देऊ शकतो, पण तो बांधावरचा रस्ता इमारतीच्या परवानगीसाठी पोहोच रस्ता म्हणून चालेलच असे नाही. पोहोच रस्त्याची रुंदी किती हवी आणि तो कोणाच्या नावावर हवा, हे विकास नियंत्रण नियमावली पाहते.

या सर्व कागदांत कोल्हापूरच्या दृष्टीने सर्वांत जीवघेणा कागद पूररेषेचा आहे. भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी या नद्यांचे पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येऊन पंचगंगा होते, आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस काही तासांत या सपाट खोऱ्यात उतरतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांवर गेले. जलसंपदा विभाग नदीच्या दोन्ही तीरांवर दोन रेषा आखतो. निळी रेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधील क्षेत्र निषिद्ध, तिथे नवे घर बांधता येत नाही; निळ्या आणि लाल रेषेमधील क्षेत्र नियंत्रित, तिथे जोते लाल रेषेच्या पातळीहून ठरावीक उंचीवर ठेवण्याच्या अटीवर बांधकाम होऊ शकते.

'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनी मोठी फसगत केली आहे. २००५ चा पूर पाहिलेल्या माणसाने आता आपल्या हयातीत तसा पूर नाही असे मानले, आणि १४ वर्षांनी त्याच्या घरात पुन्हा पाणी आले. या संज्ञेचा खरा अर्थ असा की, तेवढा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक असते, आणि मागल्या वर्षी तो येऊन गेला असला तरी ती शक्यता कमी होत नाही. घरकर्ज ३० वर्षांचे धरले, तर त्या मुदतीत लाल रेषेवर उभ्या असलेल्या घरात एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता चारात एक भरते. निळ्या रेषेवरच्या घराच्या बाबतीत ती दहात सातवर जाते. हा हिशेब पावसाचे मान पूर्वीइतकेच राहील असे धरून केलेला आहे. चिखली आणि आंबेवाडी या गावांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळी येथे पुनर्वसनाचे भूखंड मिळाले. तरीही जुन्या गावातली वस्ती उठली नाही आणि २०१९ व २०२१ मध्ये तीच माणसे पुन्हा होड्यांतून बाहेर काढावी लागली. शेत नदीकाठी, गोठा नदीकाठी आणि घर मात्र माळावर, ही रचना कागदावर सोपी वाटते, पण पहाटे धारा काढणाऱ्या कुटुंबाला ती पेलत नाही, हे पुनर्वसनाचे आराखडे करणाऱ्यांनी पुरेसे जोखले नव्हते.

पूररेषेतील बांधकामात एक उपाय सर्रास होतो, तो म्हणजे मुरमाचा भराव टाकून भूखंड उंच करणे. भरावाने त्या एका मालकाचे जोते पाण्याबाहेर येते, पण तिथे मावणारे पाणी शेजारच्या शेतात आणि खालच्या गावात जाते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला, तेव्हा महामार्गाच्या भरावांची चर्चा जिल्हाभर झाली. भूखंडाभूखंडावर पडणाऱ्या डंपरभर मुरमाची चर्चा मात्र तेवढी होत नाही, आणि बांधकामाच्या परवानगीत तो भराव बहुधा कोणाच्या नजरेलाही पडत नाही. जिल्ह्याच्या पश्चिमेला राधानगरी अभयारण्याभोवतीचे आणि पश्चिम घाटाच्या अधिसूचनांतील निर्बंध आहेत, पन्हाळ्यासारख्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत पुरातत्त्व यंत्रणेची परवानगी लागते. पण या बाबी मोजक्या गावांपुरत्या आहेत, नदी मात्र शिरोळपर्यंत सर्वांची आहे.

परवानगी हातात आल्यावर कायद्याला अपेक्षित असलेली तपासणी सुरू होते. काम सुरू करण्याचा दाखला, म्हणजे प्रारंभ प्रमाणपत्र, एका वर्षापुरते असते आणि मुदतीत काम सुरू न झाल्यास नूतनीकरण करावे लागते. पाया भरून जोत्यापर्यंत काम आले की मालकाने कळवायचे आणि अधिकाऱ्याने जागेवर येऊन जोता तपासणी करायची, हा सर्वांत कळीचा टप्पा. कारण भूखंडाच्या हद्दीपासून भिंत किती आत आहे, जोत्याची लांबी-रुंदी मंजूर नकाशाप्रमाणे आहे का आणि त्याची उंची किती आहे, या गोष्टी त्यावेळी फीत लावून मोजता येतात आणि चूक असेल तर दुरुस्तीही होऊ शकते. दोन मजले चढल्यावर हीच चूक केवळ दंडाचा किंवा पाडकामाचा विषय उरते. काम पुरे झाल्यावर अभियंत्याने पूर्णत्वाचा दाखला द्यायचा आणि प्राधिकरणाने भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरण्यास योग्य असल्याचा दाखला.

पण जोता तपासणीत जे पाहिले जाते ते मुख्यतः अंतर आणि क्षेत्रफळ. पाया कोणत्या थरावर टेकला आहे, हे पाहणारा डोळा या यंत्रणेत जवळजवळ नाही. शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांच्या नदीकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात माती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे पाया काळ्या थराच्या खाली मुरमापर्यंत नेला नाही तर दोन-तीन वर्षांत भिंतींना तिरप्या चिरा पडतात. पश्चिमेला जांभ्याच्या आणि अतिपावसाच्या पट्ट्यात प्रश्न उताराचा आणि पाण्याच्या निचऱ्याचा असतो. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला, तेव्हाचे धक्के कोल्हापूरनेही अनुभवले. तरी गावातल्या घराच्या कॉलमला रिंगा किती अंतरावर बांधल्या हे स्लॅब ओतण्याआधी पाहण्याचे काम गवंडी आणि सेंट्रिंगवाला यांच्या मर्जीवर सोडलेले असते. स्वयंप्रमाणनाच्या नव्या पद्धतीत ही जबाबदारी परवानाधारक अभियंत्यावर आहे. नकाशावर सही करणारा अभियंता आणि जागेवर काम पाहणारा माणूस एकच असेल तर या पद्धतीत चूक काढण्यासारखे काही नाही, पण खेड्यात सही तालुक्यातून येते आणि काम गावातला ठेकेदार करतो.

या चित्राला एक अपवाद आहे आणि तो विचार करायला लावणारा आहे. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये ज्या कुटुंबाला घरकुल मंजूर होते, त्याला किमान २५ चौरस मीटरच्या घरासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये हप्त्यांनी मिळतात, आणि प्रत्येक हप्त्यापूर्वी बांधकामाचा टप्पा स्थाननोंदीसह छायाचित्र काढून संगणकावर चढवावा लागतो. गृहनिर्माण अभियंता जागेवर येतो. म्हणजे गावातल्या सर्वांत गरीब माणसाच्या दोन खोल्यांची टप्प्याटप्प्याने तपासणी होते आणि शेजारचा तीन मजली बंगला सरकारी नजरेशिवाय पूर्ण होतो. सरकार पैसे देते तिथे पाहते, हे समजण्यासारखे आहे. परंतु ग्रामीण भागात टप्प्यांची तपासणी अशक्य आहे, ही सबब यामुळे टिकत नाही.

परवान्याचा खर्च किती, याची धास्ती अनेकांना असते. अधिकृत देण्यांत छाननी शुल्क, विकास शुल्क आणि रूपांतरित कर येतात, आणि बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरही येतो. स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेल्या घराचा खर्च कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या आत असेल तर त्याला हा उपकर लागत नाही. याखेरीज जो खर्च होतो त्याची पावती मिळत नाही. तो टाळण्याचे कायदेशीर साधन अस्तित्वात आहे: नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ नुसार पूर्ण अर्जावर ६० दिवसांत निर्णय झाला नाही आणि बांधकाम नियमांना धरून असेल, तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते. मात्र अर्ज अपूर्ण होता, असे एका ओळीचे पत्र ५९ व्या दिवशी आले की ही तरतूद निकामी होते, म्हणून अर्जाची पोच, जोडलेल्या कागदांची यादी आणि त्रुटीपत्रांच्या तारखा जपणे भाग असते.

विनापरवाना बांधकामावर नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ आणि ५३ खाली नोटीस, दंड आणि पाडकाम होऊ शकते. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, मालकाला किमान १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय पाडकाम करू नये, असे बजावले. त्यानंतर महिनाभराने, १७ डिसेंबर २०२४ रोजी, मेरठमधील एका प्रकरणात त्याच न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले की वीज आणि पाण्याची जोडणी पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहूनच द्यावी, आणि बँकांनीही असा दाखला तपासूनच इमारतीच्या तारणावर कर्ज द्यावे. हे निर्देश खेड्यात अक्षरशः लागू झाले तर नमुना ८ आणि वीजबिल यांवर चाललेला सारा व्यवहार अडतो. गावठाणाबाहेर उभ्या असलेल्या जुन्या घराच्या मालकाला नियमितीकरणासाठी अर्ज करताना तीच मोजणी, तोच झोन दाखला आणि उभ्या इमारतीचा जसा आहे तसा नकाशा द्यावा लागतो, वर तडजोड शुल्क भरावे लागते. आणि घर निळ्या पूररेषेच्या आत असेल, तर शुल्क भरायची तयारी असूनही अर्ज मंजूर होत नाही.